शोधयंत्रे आणि शोधकाची निवड

माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त रत्नागिरी जिल्ह्यातून रायपूरला आले आणि येथेच स्थायिक झाले. कोकण सुटले, पण टिळक पंचांग सुटले नाही. शेजारी नागपूरकडचे एक कुटुंब राहत असे. त्यांच्या घरी सोलापूरचे दाते पंचांग. एरवी दोन्ही घरांचा मोठा स्नेह. परंतु अधिक महिन्याच्या एखाद्या वर्षी आमचा गणपती बसे, विसर्जितही होई आणि शेजारी मात्र महिनाभर वाट पाहत राहत. मग ओसरीवर वाद रंगे. आजोबा म्हणत, आमची गणना रेवतीच्या ताऱ्यापासून. शेजारचे गृहस्थ म्हणत, आमची चित्रेवरून. या दोन पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. त्यामुळे टिळक पंचांगाची मकरसंक्रांत चारएक दिवस आधी येते आणि कधीकधी अधिक मासही निराळा निघतो. वाद मिटला कधीच नाही. पण तो अडाणीपणाचा वाद नव्हता. आपले पंचांग कोणत्या हिशेबाने चालते, हे दोघांनाही ठाऊक होते.

श्रोतेहो, आज या वादाची आठवण होण्याचे कारण वेगळे आहे. हल्ली आपण दिवसातून दहा वेळा ज्याचा सल्ला घेतो, ते पंचांग नसून शोधयंत्र असते. पाककृतीपासून कायद्याच्या कलमापर्यंत आणि औषधापासून पणजोबांच्या गावापर्यंत सर्व प्रश्न आपण त्याच्यापुढे मांडतो. कचेरीतल्या सहकाऱ्यांना मी एकदा विचारले, “आपण कोणते शोधयंत्र वापरता, आणि तेच का?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी एकमुखाने दिले. दुसऱ्याचे उत्तर एकालाही देता आले नाही. आजोबांच्या पिढीला जो हिशेब ठाऊक होता, तो आपल्याला का ठाऊक नसावा? या प्रश्नाचे उत्तर शोधयंत्रांच्या इतिहासातच आहे, असे मला वाटते.

या इतिहासाचा आरंभ यंत्रापासून करणे मात्र योग्य नाही. कागदांच्या ढिगातून हवा तो कागद कसा काढावा, ही अडचण मराठी इतिहाससंशोधकांनी फार पूर्वी अनुभवली आहे. पेशवाईचा अस्त झाल्यावर जे दप्तर इंग्रजांच्या हाती आले, ते पुण्यात हजारो रुमालांत बांधून पडले होते. त्यातून निवड करण्याचे काम मुंबई सरकारने गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे सोपवले आणि १९३० ते १९३४ या अवधीत त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. सरदेसाई स्वतः बडोदे संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. एका नोकरदाराने उतारवयात केलेले हे काम आठवले की आमच्यासारख्यांची मान आदराने लवते. परंतु कोणताही अभ्यासक हे खंड उघडताना एक गोष्ट मनाशी बाळगतो. हे दप्तर नव्हे, ही दप्तराची निवड आहे. जे खंडांत आले ते सरदेसायांना महत्त्वाचे वाटले म्हणून आले; जे राहिले ते अद्याप रुमालातच आहे.

निवड करणारा माणूस कोण, त्याची दृष्टी कोणती, हे येथे उघड होते. सरदेसाईंचे नाव खंडांवर छापलेले होते, त्यांच्याशी मतभेद व्यक्त करता येत होता. शोधयंत्रही निवडच करते. फरक इतकाच की तिच्यावर निवडकाचे नाव आणि प्रस्तावना नसते.

आता यंत्राकडे वळू. जगातील संगणक एकमेकांना जोडले जाऊ लागले, तेव्हा कोणत्या संगणकावर कोणती फाइल आहे हे सांगणारी सोय प्रथम हवी होती. १९९० साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मॅक्‌गिल विद्यापीठात ॲलन एम्टेज या तरुणाने ‘आर्ची’ नावाची अशी सोय केली. ती फाइलींची केवळ नावे शोधी. आत काय लिहिले आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. पुढे महाजालावर पानांचा सुकाळ झाला आणि १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या आवडत्या संकेतस्थळांची यादी करण्यास आरंभ केला. तिचेच पुढे ‘याहू’ झाले. याहूची रचना एखाद्या चांगल्या अभिलेखपालाने लावलेल्या दप्तरासारखी होती. विषय, पोटविषय, त्याच्या आत आणखी पोटविषय. आणि कोणते स्थळ कोठे ठेवायचे याचा निर्णय माणसे करीत.

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच वर्षी मुंबईत राजेश जैन यांनी ‘इंडियावर्ल्ड’ हा उपक्रम आरंभला. त्याच्या परिवारातील ‘खोज’ हे स्थळ भारतीय संकेतस्थळांचा वाटाड्या म्हणून ओळखले जाई. १९९९ च्या नोव्हेंबरात सत्यम इन्फोवे या कंपनीने हा सर्व परिवार ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला, तेव्हा वर्तमानपत्रे वाचणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला प्रथम कळले की ‘कोठे काय आहे’ एवढे सांगण्यालाही बाजारात केवढे मोल येऊ शकते.

परंतु हाताने लावलेले दप्तर वाढत्या ढिगाला पुरे पडेना. डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने ‘आल्टाव्हिस्टा’ खुले केले. त्याने विषयवारी सोडून शब्द धरला. लक्षावधी पानांतील शब्दन् शब्द सूचीत घ्यायचा आणि विचारलेला शब्द जेथे असेल ते पान पुढे ठेवायचे, अशी त्याची रीत होती. हे सामर्थ्य अपूर्व होते. पण शब्द असणे म्हणजे ज्ञान असणे नव्हे. लबाड लोकांनी आपल्या पानांवर एकच शब्द शंभर वेळा लिहून ठेवण्याची युक्ती काढली आणि यंत्र फसू लागले.

यावर तोड निघाली तीही स्टॅनफर्डमध्येच. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या संशोधक विद्यार्थ्यांनी विद्वानांच्या जगातली एक जुनी रूढी उचलली. ज्या निबंधाचा हवाला इतर निबंध वारंवार देतात, तो निबंध महत्त्वाचा मानला जातो. त्याप्रमाणे ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते पान मोठे, आणि बोट दाखवणारे पान स्वतः प्रतिष्ठित असेल तर त्याच्या साक्षीचे वजनही अधिक. या तत्त्वावर १९९८ साली गूगल कंपनी स्थापन झाली. मौजेची गोष्ट अशी की, याच दोघांनी त्या वर्षीच्या आपल्या निबंधात एक इशाराही दिला होता. जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि वाचकाच्या गरजेपासून दूर जाईल, असा त्याचा आशय होता. पुढे दोनच वर्षांत, म्हणजे २००० सालच्या ऑक्टोबरात, गूगलने आपली जाहिरात योजना सुरू केली. पुढच्याच महिन्याच्या १ तारखेला छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि आमचे रायपूर राजधानी झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण माझ्या पिढीच्या स्मरणात त्या जवळजवळ बसलेल्या आहेत. नव्या राजधानीत गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले आणि तासाच्या हिशेबाने पैसे मोजून आम्ही विद्यार्थी शोधू लागलो.

काय शोधत होतो? मी इतिहासाचा विद्यार्थी. मला छत्तीसगढातील मराठी अंमलाविषयी वाचायचे होते. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून आला. पुढे रघूजी भोसले यांचे पुत्र बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून या प्रदेशाचा कारभार पाहत होते. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्यांच्याच काळचे. हे सर्व ग्रंथांतून ठाऊक होते. सायबर कॅफेत मी मोठ्या उत्साहाने मराठीत काही शोधू गेलो, तो हाती शून्य आले.

त्याचे कारण पुढे समजले. त्या काळी बहुतेक मराठी वर्तमानपत्रे व संकेतस्थळे आपापला स्वतंत्र फाँट वापरीत. पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्हच असे. एका वृत्तपत्राचा ‘क’ दुसऱ्याच्या ‘क’शी जुळत नसे. मग शोधयंत्राने मराठी शब्द ओळखावा तरी कसा? मोडीतील रुमाल बाळबोध वाचणाऱ्याच्या हाती द्यावा, तशी ही गत होती. जगातील सर्व लिप्यांना समान संकेत देणारी युनिकोड पद्धती १९९१ मध्येच प्रसिद्ध झाली होती आणि तीत देवनागरीला स्थान होते. परंतु ती रोजच्या वापरात रुळायला पुष्कळ वर्षे जावी लागली. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, पुढे वृत्तपत्रेही युनिकोडकडे वळली आणि मराठी मजकूर यंत्राच्या दृष्टीस पडू लागला.

तरीही व्याकरणाची अडचण उरली. इंग्रजीत नामाला फार रूपे नसतात. मराठीत ‘घर’ म्हटले की घरी, घरात, घराला, घराचा, घरांमधून अशी रूपांची रांग लागते, आणि सामान्यरूपामुळे मूळ शब्दही बदलतो. पाणी शोधणाऱ्याला पाण्यात आणि पाण्याचा हेही मिळाले पाहिजे. केवळ अक्षरे जुळवणारे यंत्र येथे थिटे पडते. भारतीय भाषांची ही गरज ओळखून केंद्र सरकारच्या साहाय्याने अनेक संस्थांनी ‘संधान’ नावाचे शोधयंत्र तयार केले. मुंबईच्या आयआयटीकडे त्याचे नेतृत्व होते आणि मराठीसह काही भारतीय भाषांत ते पर्यटनविषयक माहिती शोधून देई. २००६ साली बेंगळुरात ‘गुरुजी’ नावाचे खास भारतीय शोधयंत्रही निघाले होते. दोन्ही प्रयत्न प्रामाणिक होते. पण सामान्य वाचकाच्या सवयीत त्यांना घर करता आले नाही. घर केले ते मोबाइलबरोबर आयत्या आलेल्या शोधयंत्राने.

येथे मला स्वतःची एक फजिती सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका सार्वजनिक ठिकाणी लावावयाच्या फलकासाठी रायपूरच्या इतिहासाचा चार ओळींचा मजकूर तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मजकूर दगडावर कोरला जाणार होता. वेळ थोडा होता. मी शोधयंत्रात हिंदीतून प्रश्न टाकला. मराठ्यांनी आपली राजधानी रायपूरला आणली, अशा अर्थाचे वाक्य पहिल्याच पानावर मिळाले. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या स्थळावरही तेच. एवढे साक्षीदार मिळाल्यावर शंका कशाला घ्यावी? मी ते वाक्य उतरवले आणि कागद पुढे पाठवला.

तो कागद एका सेवानिवृत्त लिपिकांच्या दृष्टीस पडला. त्यांचे सारे आयुष्य जुन्या दप्तरात गेलेले. त्यांनी मला बोलावून शांतपणे विचारले, “साहेब, मग बिंबाजी तीस वर्षे रतनपुरात काय करीत होते?” मी निरुत्तर झालो. बिंबाजी रतनपुरास होते हे मला विद्यार्थिदशेपासून ठाऊक होते. पण पडद्यावरील एकमताने माझ्याच ज्ञानावर पडदा पडला होता. वस्तुतः मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले ते १८१८ नंतर, नागपूरच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखाली ॲग्न्यू हा ब्रिटिश अधिकारी छत्तीसगढचा कारभार पाहू लागला तेव्हा. सुदैवाने छिन्नी दगडाला लागण्यापूर्वी मजकूर दुरुस्त झाला.

मागाहून मी ती स्थळे पुन्हा पाहिली. सगळ्यांवर एकच वाक्य होते, स्वल्पविरामासकट. ते दहा साक्षीदार नव्हते. एकाच साक्षीदाराचे ते दहा प्रतिध्वनी होते. हवाल्यांची संख्या मोजणाऱ्या यंत्राची ही जन्मजात मर्यादा आहे. इतिहासाच्या अभ्यासात एका मूळ पत्राच्या दहा नकला मिळाल्या तरी पुरावा एकच धरतात. यंत्र नकला ओळखण्याचा प्रयत्न करते, नाही असे नाही. पण मूळ कोणते आणि ते खरे की खोटे, हा निवाडा ते करीत नाही.

या फजितीनंतर मी एक प्रयोग केला, तो रायपूरच्या माणसालाच सुचावा असा आहे. आमच्या गावाचे नाव मराठीत ‘रायपूर’ असे दीर्घ ऊकाराने लिहितात, हिंदीत ‘रायपुर’ असे ऱ्हस्व उकाराने. लिपी एकच, अंतर एका मात्रेचे. त्याप्रमाणे ‘बिंबाजी भोसले’ हे मराठी लेखन आणि ‘बिम्बाजी भोंसले’ हे हिंदी. मी दोन्ही लेखनांनी शोधले. मराठी लेखनाने आलेल्या पानांत बिंबाजी हे नागपूरकर भोसले घराण्याच्या वंशावळीतील एक नाव होते. दोन ओळींत ते संपत. हिंदी लेखनाने आलेल्या पानांत तेच छत्तीसगढच्या इतिहासातील एक स्वतंत्र प्रकरण होते. मग इंग्रजीत शोधले, आणि तेही जुन्या वर्णलेखनाने, ज्यात नागपूरच्या शेवटी ‘ओ, आर, ई’ ही अक्षरे येत. तेव्हा इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल ग्रंथसंग्रहातून रिचर्ड जेंकिन्सचा १८२७ चा नागपूर राज्याविषयीचा अहवाल आणि १९०९ चे रायपूर जिल्ह्याचे गॅझेटियर पुढे आले. तेथे दृष्टी महसुलाची, वसुलीची आणि राज्यकर्त्याच्या सोयीची. माणूस एक, प्रश्न एक. पण एका मात्रेच्या फरकाने तीन इतिहास हाती आले. अलीकडे यंत्रे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुष्कळसा सांभाळून घेतात. तरी कोणते पान आधी यायचे हा क्रम बदलतोच, आणि वाचक बहुधा पहिल्या दोन-तीन पानांपलीकडे जात नाही.

म्हणून कोणते शोधयंत्र चांगले, या प्रश्नाआधी कोणत्या भाषेत आणि कोणत्या लेखनाने विचारले, हा प्रश्न येतो. आता यंत्रांची तुलनाही करू. आज दुकाने पुष्कळ दिसतात. पण कोठारे थोडी आहेत. महाजालाची स्वतःची प्रचंड सूची बाळगणाऱ्या संस्था मोजक्याच. गूगल, २००९ साली ‘बिंग’ हे नाव घेऊन आलेले मायक्रोसॉफ्टचे यंत्र, रशियाचे यांडेक्स आणि चीनचे बायडू ही त्यांतली ठळक नावे. ज्या याहूने एके काळी दप्तर लावून दाखवले, तो २००९ च्या करारानंतर बिंगच्या कोठारावर अवलंबून राहू लागला. त्याची ती हाताने लावलेली सूची २०१४ च्या अखेरीस बंद झाली. आल्टाव्हिस्टा त्याआधीच, जुलै २०१३ मध्ये, मिटले होते. २००८ साली निघालेले डकडकगो ग्राहकाच्या मागावर राहून त्याची नोंदवही ठेवत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याचेही निकाल बव्हंशी बिंगच्याच कोठारातले. तेव्हा एका यंत्राची दुसऱ्याकडून पडताळणी करताना दोघांचे कोठार वेगळे आहे ना, एवढे पाहणे अगत्याचे आहे.

आणि आपली आवड खरोखर आपलीच असते काय? भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील एका संघीय न्यायालयाने या कंपनीने शोधाच्या क्षेत्रातील आपली मक्तेदारी बेकायदेशीर मार्गांनी टिकवली असा निर्णय दिला. त्या खटल्यात उघड झालेला एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. मोबाइल आणि ब्राउझर यांत आपलेच यंत्र आधीपासून बसवलेले असावे यासाठी कंपनीने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम इतरांना दिली होती. सवयीची एवढी किंमत दिली जाते, याचा अर्थ माणूस सवय सहसा बदलत नाही, हे देणाऱ्याला पक्के ठाऊक आहे. माझ्या सहकाऱ्यांना दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर का देता आले नाही, ते येथे कळते. त्यांनी निवड केलेलीच नव्हती.

२०२२ च्या अखेरीपासून या इतिहासाला आणखी एक वळण लागले आहे. आता यंत्र पानांची यादी देण्याऐवजी स्वतःच सलग उत्तर रचून देते. हे पाहून मला आपल्या बखरींची आठवण होते. बखर वाचायला गोड, भाषा ओघवती, प्रसंग डोळ्यांपुढे उभा करणारी. परंतु राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांनी बखरींतील मजकूर अस्सल पत्रांशी ताडून त्यातील चुका दाखवल्या. बखरी टाकाऊ ठरल्या नाहीत. त्या कशासाठी वापराव्यात हे ठरले. यंत्राचे सलग उत्तर ही नव्या काळाची बखर आहे. ती जरूर वाचावी. परंतु फलक कोरण्यापूर्वी, अर्ज निकाली काढण्यापूर्वी, औषध घेण्यापूर्वी अस्सल पत्र मागावे.

माझी स्वतःची आवड विचाराल तर सांगतो. रोजच्या कामाला आणि मराठी मजकुरासाठी मी गूगल वापरतो, कारण मराठी पाने मला तेथे अधिक मिळतात. खासगी गोष्ट विचारायची असेल तर डकडकगो. इतिहासाचा प्रश्न असेल तर शोधयंत्राला फक्त वाट विचारतो, आणि मुक्कामाला डिजिटल ग्रंथसंग्रहातील मूळ पुस्तकाकडे जातो. ते न मिळाल्यास त्या सेवानिवृत्त लिपिकांच्या घरी. त्यांच्याकडे सूची नाही; पण चुकले तर चुकले असे सांगणारा माणूस तेथे भेटतो.

आजोबांचे टिळक पंचांग आणि शेजाऱ्यांचे दाते पंचांग यांत श्रेष्ठ कोणते, याचा निर्णय मी आजही देणार नाही. पण त्या ओसरीवरची एक गोष्ट मला मोलाची वाटते. आपला गणपती महिनाभर आधी का बसतो, असे कोणी विचारले तर घरातले पोरही सांगू शके. आपण हातात बाळगलेल्या यंत्राविषयी तेवढे तरी आपल्या मुलांना सांगता यावे, आणि सांगता येत नसेल तर निदान आज घरी गेल्यावर तोच प्रश्न दुसऱ्या यंत्राला, दुसऱ्या भाषेत एकदा विचारून पाहावा, एवढीच माझी विनंती आहे.